नवा फिल्म स्कॅनर घ्यावा का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही चार ओळींत उरकणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फिल्म स्कॅनरबद्दलचा, म्हणजे निगेटिव्ह आणि स्लाइड संगणकात उतरवणाऱ्या यंत्राबद्दलचा, 'जुनं चालतंय तोवर चालवा' हा माझा सल्ला आळशीपणाचा आहे, नव्या मॉडेलवर 7200 डीपीआय (दर इंचाला तेवढे ठिपके) आणि 16 बिट (रंगछटांची बारीक मोजणी) मिळत असताना 4000 डीपीआयचं यंत्र कवटाळून बसणं म्हणजे निगेटिव्हवर अन्याय, आणि उद्या जुनं यंत्र संगणकाला जोडताच आलं नाही, तर माझं ऐकणाऱ्यांनी करायचं काय?

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार. त्याकडे येतोच, पण आधी ते 7200.

हा आकडा सेन्सर किती बारीक पावलं टाकतो एवढंच सांगतो. भिंगातून तेवढा तपशील येतो की नाही, याबद्दल तो गप्प असतो. यूएसएएफ 1951 ही रेषांची चाचणीपट्टी ठेवून मोजलं, की प्लस्टेक ऑप्टिकफिल्म 8200आयच्या 7200 पैकी साधारण 3250 हाती लागतात. एप्सनचा व्ही 800 हा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर, 6400 सांगतो, भरतात 2300 च्या आसपास. निकॉनच्या कूलस्कॅन 5000 वर लिहिलेत 4000 आणि मिळतातही जवळपास तेवढेच. शिवाय प्लस्टेकवर ते 3250 मिळवायला स्कॅन 7200 वरच करावं लागतं. म्हणजे 35 मिमीच्या एका फ्रेमला सुमारे 69 मेगापिक्सेल, 16 बिटमध्ये 400 एमबीहून मोठी फाइल, आणि नंतर ती लहान करत बसा. 16 बिटचं म्हणाल, तर ते 2003 च्या कूलस्कॅन 5000 मध्येही होतेच.

मॉडेलचा क्रमांक बदलला म्हणजे आतलं सगळं बदललं असंही नसतं. 2006 च्या व्ही 700 नंतर 2014 मध्ये व्ही 800 आला. दिवा एलईडीचा झाला, तो तापायची वाट बघणं संपलं, फिल्म धरणारे होल्डर सुधारले. सोय वाढली, हे खरंच; तपशील मात्र होता तेवढाच राहिला.

जुन्या कूलस्कॅनवर उजळ आकाशाची धूसर झाक शेजारच्या काळ्या कडेवर पसरते, असंही तुम्ही लिहिलंय. त्यावरून यंत्र म्हातारं झालं असं ठरवू नका. बहुतेक वेळा आतल्या आरशावर धूळ बसलेली असते. जाणकाराकडून तो पुसून घ्या आणि तीच स्लाइड पुन्हा लावा. तसंच ग्रेन (फिल्मचे बारीक कण) मधोमध टोकदार आणि कोपऱ्यात लिबलिबीत दिसत असेल, तर फिल्म वाकलेली असते. तिथे नवं यंत्रही तेच दाखवेल.

आता तुमचा तिसरा मुद्दा. इथे मी तुमच्याच बाजूला आहे. कूलस्कॅन चालवणारं निकॉन स्कॅन हे सॉफ्टवेअर विंडोज व्हिस्टाच्या पुढे गेलंच नाही, आणि 2019 च्या मॅकओएस कॅटालिनाने 32 बिट प्रोग्रॅम चालवणंच बंद केलं. व्ह्यूस्कॅन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमुळे यूएसबीवाले कूलस्कॅन अजून तग धरून आहेत. पण फायरवायर या जुन्या जोडणीचा कूलस्कॅन 8000 किंवा 9000 असेल, जुना संगणक केवळ त्याच्यासाठी जिवंत ठेवला असेल आणि पेटीत बरेच रोल शिल्लक असतील, तर यंत्र बंद पडायची वाट बघू नका. आत्ताच बदला. (अर्धी पेटी एका यंत्रावर आणि अर्धी दुसऱ्यावर झाली, की रंग जुळवताना नाकी नऊ येतात.)

बाकी निर्णय आकड्यांवर सोडू नका. तुमच्याकडची सगळ्यात गडद स्लाइड, नवं मॉडेल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून स्कॅन करून घ्या, दोन्ही फाइली एकाच मापाला आणा आणि फक्त सावल्या आणि कोपरे बघा. तिथे फरक दिसला तर खुशाल घ्या.

फिल्मवरची धूळ ओळखून ती स्कॅनमधून काढणाऱ्या इन्फ्रारेडच्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजण्याआधी मात्र थांबा. पारंपरिक कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजतं. तुमच्या पेटीत नेमकी कोणती फिल्म आहे, हे प्रतिक्रियेत आलेलं नाही. तेवढं कळवा; कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत स्लाइड फिल्म) असेल तर तिथेही इन्फ्रारेड नीट चालेलच असं नाही.