आजोबांचा अंगठा आणि नेहरूंचा गोवा

परवा १९ डिसेंबर झाला. गोवा मुक्त झाला त्याला ६४ वर्षं झाली. सकाळपासून आमच्या शाळेच्या ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटला होता. एका बाजूचं म्हणणं, नेहरूंनी तत्त्वाच्या नावाखाली चौदा वर्षं गोवा लटकत ठेवला. दुसरी बाजू म्हणते, जगात अब्रू राखून गोवा घेतला तोही नेहरूंनीच. दोन्हीकडे माझे जवळचे लोक आहेत. मी तिथे काही लिहिलं नाही, कारण मला जे म्हणायचंय ते दोन ओळींत मावणार नाही, आणि त्यासाठी आधी माझ्या आजोबांच्या डाव्या अंगठ्याबद्दल सांगावं लागेल.

आजोबा कंपोझिटर होते. पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायचे. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. समोर लाकडी केस, तिच्यात अक्षरांचे खण. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं असं सगळं असल्यामुळे मराठीच्या खणांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट. डाव्या हातात लोखंडी स्टिक धरायची, उजव्या हाताने खणातून एकेक खिळा उचलून तिच्यात लावायचा, आणि जुळत आलेली ओळ डाव्या अंगठ्याने दाबून ठेवायची. अंगठा सैल पडला की ओळ कोसळलीच. आजोबांचा हात इतका चालायचा म्हणे, की खणाकडे न बघता खिळा उचलायचे.

१९५५ च्या ऑगस्टमध्ये ते गोव्याच्या सत्याग्रहाला गेले. तेव्हाचं पुणं त्या लढ्याने भारलेलं होतं. गोवा विमोचन सहायक समिती इथलीच. केशवराव जेधे, जयंतराव टिळक, एसेम जोशी, नानासाहेब गोरे अशी एरवी एकमेकांशी न पटणारी माणसं तिच्यात एकत्र आली होती. १८ मे रोजी नानासाहेब आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले. नानासाहेबांना आणि नंतर गेलेल्या मधू लिमयांना पोर्तुगिजांनी तुरुंगात डांबलं, ते सुटले १९५७ मध्ये. आजोबा कुणी पुढारी नव्हते. पेठेतली आठ-दहा पोरं निघाली, त्यांच्याबरोबर हे गेले. आजीने वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या होत्या.

१५ ऑगस्टला हजारो सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून सीमा ओलांडून आत गेले. हातात तिरंगा, बाकी काही नाही. आजोबांची तुकडी बांद्याकडून पत्रादेवीच्या बाजूने शिरली. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्या एका दिवसात वीसेक सत्याग्रही गेले. पत्रादेवीला पडलेल्यांत पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनीपाल होता. आजोबांना गोळी लागली नाही. ते झेंडा सोडेनात म्हणून बंदुकीच्या दस्त्याने त्यांच्या हातावर मारलं आणि ओढत आणून सीमेबाहेर टाकलं. अंगठा दोन ठिकाणी मोडला आणि वाकडा जुळला. पुढे स्टिकमध्ये ओळ धरली की तिसऱ्या-चौथ्या शब्दाला खिळे सुटायचे. मालक भला माणूस होता, त्याने आजोबांना मुद्रितं तपासायला बसवलं. पगार मात्र उतरला.

आता नेहरूंकडे येते. नेहरूंना मूर्ख किंवा भेकड ठरवणारे त्यांच्यापुढे काय पडलेलं होतं तेच बघत नाहीत. एप्रिल १९५४ मध्ये चीनबरोबर पंचशील करार. एप्रिल १९५५ मध्ये आशियाई-आफ्रिकी देशांची बांडुंग परिषद. कोरिया आणि हिंदी चीन (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) इथल्या भांडणांत मध्यस्थ म्हणून जग ज्या देशाकडे बघत होतं तो भारत. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत अडकलेला. आपण गोव्यात सैन्य घातलं असतं तर पाकिस्तानला आयतं बोलायला मिळालं असतं. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोत. तिथला हुकूमशहा सालाझार, त्याने १९५१ मध्येच कागदोपत्री वसाहतींचे 'प्रांत' करून टाकले होते. शिवाय बोलून प्रश्न सुटतो याचा ताजा दाखला नेहरूंच्या हातात होता. १ नोव्हेंबर १९५४ रोजी फ्रेंचांनी पाँडिचेरी सोडली, तीही लष्कर न वापरता. जे फ्रेंचांनी ऐकलं ते पोर्तुगीज का ऐकणार नाहीत, असं त्यांना वाटलं असेल तर त्यात काही वेडेपणा नव्हता.

आजोबांना हे पटायचं नाही. १९ डिसेंबर १९६१ ला वाड्यात पेढे वाटले तेव्हा ते म्हणाले होते, "हेच सहा वर्षांपूर्वी केलं असतं तर?" आजी हे वाक्य हुबेहूब त्यांच्या सुरात सांगायची. मी वीस वर्षांची असताना मलाही ते बिनतोड वाटायचं. आज वाटत नाही. कारण १९५५ आणि १९६१ या दोन सालांमध्ये जग बदललं होतं, आणि ते बदलण्यात आपल्या सबुरीचा काही वाटा होता.

दादरा-नगर हवेली हातची गेली त्यावरून पोर्तुगालने आपल्याला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला, आणि भारताने जबाबदारी मोडलेली नाही असं ठरलं. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला, तो पोर्तुगिजांनी क्रूरपणे चिरडला, आणि सालाझारची लाज जगासमोर उघडी पडली. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिषद भरली. तिथे आफ्रिकेतल्या नेत्यांनी तोंडावर सांगितलं की गोव्यात तुम्ही मऊ राहता त्याचा फटका आम्हाला बसतो. नोव्हेंबरमध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून आपल्या 'साबरमती' जहाजावर गोळीबार झाला. डिसेंबरात सैन्य आत गेलं आणि दीड दिवसात सगळं आटोपलं. फेब्रुवारीत निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन मुंबईतून उभे होते, ही गोष्टही खरी. राजकारण्याच्या कुठल्याच निर्णयात एकच हेतू नसतो.

१८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्यांनी युद्धबंदीचा ठराव आणला, त्याची मतं बघा. बाजूने सात, विरोधात चार. विरोधातले चार कोण? सोव्हिएत रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक, म्हणजे नासेरचा इजिप्त. ठराव पडला तो रशियाच्या नकाराधिकारामुळे. पण बाकीची तीन मतं बांडुंगच्या वाटेने आलेली होती. ती विकत मिळत नाहीत. ज्याला आपण आदर्शवाद म्हणून हिणवतो त्याची ती कमाई.

आणि रशियाचं मत? त्याची किंमत आपण आधीच मोजून ठेवली होती. १९५५ च्या हिवाळ्यात ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन इथे आले, काश्मीर आणि गोवा दोन्हींवर त्यांनी आपली बाजू घेतली. पुढच्याच वर्षी रशियन रणगाडे हंगेरीत घुसले. तेव्हा हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात या ठरावावर भारताने विरोधात मत दिलं. सुएझ कालव्यावरच्या हल्ल्याबद्दल ब्रिटिश-फ्रेंचांना ज्या नेहरूंनी ताबडतोब सुनावलं, तेच हंगेरीवर बराच काळ अडखळले. जयप्रकाश नारायणांनी त्याबद्दल उघड टीका केली. आजोबा समाजवादी, त्यांनाही ते लागलं. बुडापेस्टमधल्या पोरांच्या वाट्याला जे आलं त्यातला एक कण आपल्या गोव्याच्या हिशेबात जमा आहे, हे मी आज लिहिते तेव्हा मला बरं वाटत नाही. पण लपवलं तर खोटेपणा होईल.

तत्त्व धरून बसलो असतो तर काय झालं असतं, याचं उत्तरही इतिहासात आहे. पोर्तुगालने गोव्यावरचा आपला हक्क सोडला तो ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, तोही लिस्बनमध्ये आधी क्रांती होऊन हुकूमशाही गेली म्हणून. नुसती चर्चेची वाट पाहिली असती तर गोवेकरांना आणखी तेरा वर्षं काढावी लागली असती. म्हणून नेहरूंनी शेवटी सैन्य पाठवलं यात मला ढोंग दिसत नाही. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांना ते तेव्हा दिसलं. अमेरिका चिडली, पण तुटली नाही. बरोबर अकरा महिन्यांनी, १९ नोव्हेंबर १९६२ ला, चीन खाली उतरत असताना नेहरूंनी केनेडींकडेच विमानं मागितली, आणि शस्त्रांची मदत त्याआधीच यायला लागली होती.

मग माझी तक्रार काय? थांबले याची नाही, सैन्य घातलं याचीही नाही. माझी तक्रार १९५५ च्या त्या चार महिन्यांची आहे. मे ते ऑगस्ट सरकारने सत्याग्रहींना नीट अडवलं नाही आणि पाठीशीही उभं राहिलं नाही. आत शिरणाऱ्याला वाटत होतं की मागे देश आहे. मागे फक्त बांद्याचा रस्ता होता. माणसं पडल्यावर, सप्टेंबरात, सीमा बंद झाली आणि काँग्रेसने सत्याग्रहातून अंग काढलं. सैन्य पाठवायचं नाही हे पंतप्रधानांनी मनाशी ठरवलं होतं, तर निःशस्त्र माणसांना त्याच वाटेने जाऊ द्यायला नको होतं. तत्त्व दिल्लीचं होतं, हाडं पेठेतल्या पोरांची मोडली. लष्करी कारवाईत आपले जेवढे जवान गेले, साधारण तेवढीच माणसं त्या एका १५ ऑगस्टला गेली होती, हे किती जणांना माहीत आहे?

आजोबांना नंतर कुणी विचारलं नाही. त्यांची कागदपत्रं, तुकडीचा फोटो, सगळं १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात गेलं. पुढे स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान वेतनाचा अर्ज केला तर एका कार्यालयात पुरावा मागितला. त्यांनी हात पुढे केला आणि अंगठा दाखवला. हा पुरावा चालत नाही, असं उत्तर मिळालं. ते परत गेले नाहीत.

हे सगळं आज का लिहिते? पुण्याजवळ भोसरीत माझ्या मावसभावाचं वर्कशॉप आहे. बावीस माणसं, सहा सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीनं, अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकासाठी व्हॉल्व्हचे भाग. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्यातले २५ आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. युक्रेन युद्धाआधी आपल्या आयातीत रशियन तेल जेमतेम दोन टक्के होतं, नंतर ते एक तृतीयांशाच्या वर गेलं. आम्ही कुणाच्या दमदाटीने तेल कुठून घ्यायचं ते ठरवणार नाही, ही भूमिका मला मान्य आहे. मनापासून मान्य आहे. स्वस्त तेलाचा फायदा देशाला झाला हेही दिसतं. पण त्या भूमिकेची पावती भोसरीत फाडली गेली. दोन पाळ्यांची एक झाली. निर्यातदारांसाठी कर्जहमी जाहीर झाली, ते चांगलंच झालं, पण लेथवर उभा असलेला मुलगा कर्ज घ्यायला जात नाही. कर्जाची हमी मालकाला आहे, पाळी मात्र त्या मुलाची गेलीय.

टीव्हीवर मात्र स्वाभिमान की शरणागती एवढाच प्रश्न. ग्रुपवरही तेच, नेहरू थोर की चुकलेले. मला कुठल्याही पंतप्रधानाकडून, कुठल्याही पक्षाच्या, एवढंच ऐकायचंय: आम्ही हे ठरवलंय, त्याची झळ अमुक लोकांना बसेल, आणि त्यांच्यासाठी आम्ही अमुक करतोय. १९५५ मध्ये हे कुणी पुण्यात येऊन सांगितलं असतं तर आजोबा कदाचित तरीही गेले असते. पण माहीत असून गेले असते.

भावाने दिवाळीनंतर चौघांना घरी पाठवलं. त्यातला एक लातूरचा, पंचवीस वर्षांचा, गेल्या वर्षी लग्न झालेला. जाताना त्याने मशीन पुसून, टूल्स मोजून कपाटात ठेवली आणि किल्ली भावाच्या हातात दिली. भावाने त्याला जानेवारीत ये म्हणून सांगितलंय. ऑर्डर अजून आलेली नाही.