कॉलरबोन चोळू नका, फॉरवर्डही करू नका

आमच्या डिचोलीत सध्या ज्याच्या त्याच्या फोनवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कॉलरबोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, हे माणसाला उगाच मिळालेलं, कुत्र्या-घोड्यांना ते नसतं आणि त्यांचं काही अडत नाही, मोडलंच तर गरम तेलाने चोळून, ओढून बसवा, सात दिवसांत सांधतं, शस्त्रक्रिया करून हाडावर धातूची प्लेट घालणं हा निव्वळ डॉक्टरांचा धंदा, आणि गळ्याखालच्या खळग्यात नाणी राहिली तर तब्येत ठणठणीत. हसून सोडून दिलं असतं. पण भाचा पावसात स्कूटरवरून पडला आणि वहिनी फोनवर विचारते, “ताई, खोबरेल चालेल की तिळाचंच हवं?”

नाण्यांचं आधी उरकते. 2015 साली चिनी समाजमाध्यमांवर निघालेलं ते खूळ. माणूस हडकुळा असला आणि त्याने खांदे पुढे ओढून धरले की खळगा होतो, नाणी राहतात. झालं.

आता घोडा. घोड्याला कॉलरबोन नसतं आणि कुत्र्याला असतो तो नावापुरता अवशेष, हे खरं. पण घोड्याला माडावर चढायचं नसतं. आमचा नारळ काढणारा पाडेली एका हाताने चुडत, म्हणजे झावळी, धरून दुसरा हात डोक्यावर नेतो आणि कोयता चालवतो. घोड्याचा पुढचा पाय पुढे-मागे चालतो, असा बाजूला फाकत नाही. आपल्या हाताचा धडाशी हाडाचा जोड एवढा एकच: कॉलरबोनचं एक टोक छातीच्या मधल्या हाडाला, दुसरं खांद्याच्या फऱ्याला. फरा स्वतः पाठीवर निव्वळ स्नायूंच्या भरवशावर असतो. खांद्याला छातीपासून लांब धरणारा टेकू म्हणजे हे हाड. काही माणसं त्याच्याशिवाय जन्माला येतात. त्यांना दोन्ही खांदे छातीसमोर आणून जवळजवळ एकमेकांना टेकवता येतात. टेकू काय करतो ते यावरून कळावं.

माझा खरा राग आहे तो ‘चोळा आणि ओढा’वर. हे इंग्रजी एस अक्षरासारखं वळलेलं हाड बहुतेक वेळा मधल्या भागात मोडतं. मग मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो आणि हाताच्या वजनाने बाहेरचा खाली जातो. भाच्याच्या खांद्याजवळ वरचं टोक कातडीला आतून रेटत होतं, तेवढी जागा ताणून पांढरी पडली होती. त्यावर तेल लावून अंगठा फिरवायचा म्हणे! या हाडाच्या आणि पहिल्या बरगडीच्या मधून हाताची मोठी धमनी, शीर आणि मज्जातंतूंचा अख्खा जुडगा जातो. फुफ्फुसाचं टोकही तिथेच. मध्ये गादी म्हणून काय, तर एक लहानसा स्नायू. मोडलेल्या हाडाची अणकुचीदार टोकं या गर्दीत हलवायला सांगणाऱ्याने स्वतःचा खांदा द्यावा आधी. बोटांना मुंग्या, हात गार किंवा फिका, श्वास लागणं, कातडी अशी पांढरी, यातलं काहीही दिसलं तर हात गळ्यात बांधायचा आणि 108 ला फोन करायचा. खोबरेल की तिळाचं हा प्रश्नच येत नाही.

सात दिवस? बाळंतपणात बाळाचं हे हाड कधी कधी मोडतं, त्यालाही जुळायला दोनेक आठवडे लागतात. मोठ्या माणसाला साधारण सहा ते बारा. सात दिवसांत दुखणं ओसरायला लागतं, हाड जुळत नाही. त्या ओसरण्याचं श्रेय हाडवैद्य घेतो.

राहिला धंदा. इथे मेसेजवाल्याला थोडं द्यावं लागतं, मनावर दगड ठेवून. कॅनडातल्या अस्थिशल्यचिकित्सकांनी 2007 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. घेतलेली माणसं 132, सगळ्यांचं हाड मधोमध मोडून तुकडे पूर्ण सरकलेले. वर्षभर पाठपुरावा झालेल्यांत नुसता हात गळ्यात बांधलेले 49 होते; त्यांतल्या 7 जणांचं हाड जुळलं नाही. प्लेट घातलेल्या 62 पैकी 2 जणांचं जुळलं नाही. म्हणजे इतकं वाईट मोडूनही 42 जणांचं प्लेटशिवाय जुळलं. शिवाय प्लेट घातलेल्यांतल्या काहींना ती टोचली, काहींच्या जखमेत संसर्ग झाला. तेव्हा प्रत्येकाला प्लेट लागत नाही, कबूल. पण सातातला एक राहतो, तो तुम्ही असाल की नाही हे मेसेज सांगणार नाही. एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना सरळ विचारा: तुकडे किती सरकलेत, हाड किती आखूड झालंय, आणि शस्त्रक्रिया नको म्हटलं तर पुन्हा एक्स-रे कधी?