कोळसा, बहीण आणि पित्ताशय

न्यू जर्सीत राहून, वयाच्या ४२व्या वर्षी, कोर्ट रिपोर्टर, म्हणजे न्यायालयातले बोलणे शब्दशः टिपणारी लघुलेखिका, होण्याचे मी ठरवले, तेव्हा सर्वांत जास्त आनंद साताऱ्याच्या मामांना झाला. त्यांची सारी नोकरी न्यायालयात लघुलेखक म्हणून, पिटमनच्या जाड-बारीक रेषा ओढण्यात गेली. ‘प’ची रेघ जरा दाबली गेली की तिचा ‘ब’ होतो, तेवढे सांभाळलेस म्हणजे झाले, असा आशीर्वाद त्यांनी दिला. मग मी त्यांना माझ्या स्टेनोटाइप यंत्राचे छायाचित्र पाठवले आणि त्यांचा तातडीने फोन आला. “अगं, याच्यावर अक्षरंच नाहीत. खराब माल गळ्यात मारलाय तुझ्या!”

अक्षरे नसतातच. २२ कोरी बटणे आणि वर आकड्यांची एक पट्टी, एवढाच तो संसार. पेटीवर सूर धरावेत तशी ही बटणे एकदम दाबायची, की एका दाबात एक उच्चार, म्हणजे आपल्या हिशेबाने एखादे जोडाक्षर, पडद्यावर उमटते. डाव्या हाताला आरंभीची व्यंजने, अंगठ्यांना स्वर आणि उजव्या हाताला शेवटची व्यंजने, ही वाटणी बाराखडीवर वाढलेल्या माणसाला घरचीच वाटते. गोची निराळीच आहे. डाव्या हाताला ‘ड’ नाही, म्हणून ‘ट’ आणि ‘क’ एकत्र दाबले की त्याला ‘ड’ म्हणायचे. ‘ह’ आणि ‘र’ मिळून ‘ल’ होतो. आणि ‘ग’साठी तर ट, क, प, व ही चार बटणे, दोन बोटांनी, वरच्या-खालच्या ओळींमधल्या फटीवर नेम धरून, एकाच वेळी दाबावी लागतात. या विद्येचा श्रीगणेशा करताना पहिले विघ्न ‘ग’नेच आणावे, हे मला जरा मनाला लागले.

तरीही मिनिटाला १८० शब्दांपर्यंत माझी गाडी बरी चालली. मग अभ्यासात डॉक्टर आला.

अमेरिकेत अपघाताच्या भरपाईचा दावा लागला की बहुधा डॉक्टरची साक्ष येते, आणि वकिलाचा प्रश्न असो की साक्षीदाराचे अडखळणे, जे बोलले गेले ते शब्दशः टिपणे हे रिपोर्टरचे काम. राष्ट्रीय संघटनेच्या परीक्षेत साक्षीचा वेग मिनिटाला २२५ शब्द असतो. पाच मिनिटे लिहायचे आणि ९५ टक्के बिनचूक लिहायचे, म्हणजे ११२५ शब्दांत साधारण ५६ चुका माफ. वेगाच्या बाबतीत ‘असे छप्पन पाहिलेत’ म्हणत वावरणाऱ्या मी पहिल्याच वैद्यकीय ध्वनिफितीत ५७वी चूक दुसऱ्या मिनिटाला गाठली.

त्यातली एक मी जपून ठेवली आहे. पित्ताशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला कोलेसिस्टेक्टमी म्हणतात. यंत्राच्या शब्दकोशात हा शब्द आधी भरून ठेवलेला नसेल, तर ते बिचारे एकेक उच्चार सुटा धरून जवळचा इंग्रजी शब्द शोधते. माझ्या पडद्यावर आले ते असे: कोल, सिस, टेक, टो, मी. म्हणजे कोळसा, बहीण, तंत्रज्ञान, पायाचे बोट आणि शेवटी मी. रुग्णाचे पित्ताशय यांत कुठेही नव्हते, त्या अर्थी शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणायची.

दहावीला मी १०० गुणांचे संस्कृत घेतले होते, त्याचा आधार वाटला. ग्रीक हायपर म्हणजे आपले उपरि, पेरी म्हणजे परि, डिस म्हणजे दुस्. ऑस्टिओ हा अस्थीचा सख्खा भाऊ आणि एंटेरो आंत्राचा. परदेशात माहेरची माणसे भेटावीत तसे मला भरून आले. अडचण एवढीच, की ओळख पटवून मी नमस्कार करीपर्यंत डॉक्टर आणखी दोन मणके खाली उतरलेले असतात.

इलियमचे दुःख मात्र मला तुम्हाला नीट दाखवताही येणार नाही. एक इलियम कमरेचे हाड आणि दुसरे लहान आतड्याचे टोक. इंग्रजीत दोघांत एका अक्षराचा फरक, उच्चार तोच. देवनागरीत तर दोन्ही हुबेहूब सारखे. साक्षीदार मोटारीखाली सापडला आहे की त्याचे पोट बिघडले आहे, हे लक्षात ठेवूनच बोटाने निर्णय घ्यायचा.

हात शरीरापासून दूर नेणे म्हणजे अ‍ॅबडक्शन आणि जवळ आणणे म्हणजे अ‍ॅडडक्शन. यांतले शहाणे डॉक्टर ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ अशी अक्षरे फोडून सांगतात. माझ्या ध्वनिफितीतले शहाणे नव्हते. सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई भाजी निवडत ती फीत माझ्याबरोबर पाचव्यांदा ऐकत होत्या. अ‍ॅबडक्शन म्हणजे पळवून नेणे, एवढे त्यांना बातम्यांमुळे ठाऊक होते. “अगं, त्या माणसाचा खांदा सापडला का शेवटी?” असे त्यांनी काळजीने विचारले.

मामांना हे सगळे सांगितले, तर ते म्हणाले, “आमचे जजसाहेब साक्ष स्वतः सांगायचे, थांबून थांबून. तुमचा डॉक्टर थांबत नाही?” प्रत्यक्ष साक्षीत त्याला थांबवून स्पेलिंग विचारता येते. ध्वनिफितीला मी दोनदा विचारून पाहिले.

गेल्या महिन्यात सासूबाईंचा गुडघा दुखू लागला, म्हणून त्यांना डॉक्टरकडे नेले. डॉक्टरबाई भराभर बोलत होत्या, मिनिटाला २३० तरी असावेत, आणि पर्सवर माझी बोटे आपोआप चालू लागली: पटेला, मेनिस्कस, ऑस्टिओआर्थ्रायटिस. एकही शब्द सुटला नाही. गाडीत बसल्यावर सासूबाईंनी विचारले, “काय म्हणाल्या गं?”

“आई, शब्दन्‌शब्द लिहिलाय मी,” मी म्हटले.

“ते झालं. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?”

मी गाडी वळवून परत घेतली.