एसपीआय हिरवा, साइट मात्र उशिरा

प्रकल्पाच्या मासिक रिपोर्टमध्ये एसपीआयचा (शेड्यूल परफॉर्मन्स इंडेक्स, काम वेळापत्रकाच्या पुढे की मागे ते सांगणारा) आकडा एकटाच दिला असेल तर मी तो सोडून पुढचं पान उघडते. आमच्या बांधकाम-नियोजनाच्या क्षेत्रातले काही लोक हे ऐकून भडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पोस्ट लांबलचक आहे. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ज्यांनी फ्लॅट बुक केलाय त्यांनीही वाचा, तुमचे हप्ते यातच अडकलेत.

एसपीआय ज्या ‘अर्न्ड व्हॅल्यू’ पद्धतीतून येतो, तिचं गणित शाळेतलं आहे. आजपर्यंत किती रुपयांचं काम व्हायला हवं होतं, बजेटच्या दराने मोजलं तर प्रत्यक्षात किती रुपयांचं झालं, आणि तेवढं करायला खर्च किती आला. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की एसपीआय, तिसऱ्याने भागलं की सीपीआय (खर्चाचा निर्देशांक). एकच्या वर हिरवं, खाली लाल. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1967 साली आपल्या मोठ्या कंत्राटदारांना याचे 35 निकष लावले आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. नुसता खर्च बघून पैसे किती गेले ते कळतं, त्या पैशात काम किती उभं राहिलं ते कळत नाही. आपल्याकडे सरकारी अहवालात ‘आर्थिक प्रगती’ आणि ‘भौतिक प्रगती’ असे दोन वेगळे रकाने असतात ते त्याचसाठी. (बातमीत बहुतेक वेळा त्यातला जो मोठा असेल तो येतो, हा भाग वेगळा.)

सीपीआयबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती एसपीआयबद्दल, आणि तीही जिथे कामांचा क्रम मागेपुढे करता येतो अशा प्रकल्पांत. म्हणजे जवळपास सगळीकडेच.

आता बघा, जून लागला की कुठला शहाणा माणूस कंपाउंड वॉलचा पाया खणायला घेतो? खड्ड्यात पाणी भरणार, पंप लावा, चिखल काढा, पुन्हा खणा. साइट इंचार्ज सरळ माणसं आत घेतो, ब्लॉकवर्क आणि आतलं प्लास्टर काढतो. भिंत दिवाळीनंतर. हा निर्णय शंभर टक्के बरोबर आहे. पण आमचं सॉफ्टवेअर, मग ते प्रायमाव्हेरा असो की एमएस प्रोजेक्ट, मुळात प्रत्येक काम शक्य तितक्या लवकरच्या तारखेला नेऊन ठेवतं. भिंतीच्या आधी दुसरं काही संपायला हवं असं कुणी लिंक केलेलं नसतं, म्हणून ती जुलैत जाऊन बसते. तेच वेळापत्रक बेसलाईन (पुढच्या मोजमापाचा मूळ आधार) म्हणून मंजूर होतं, आणि मग पुढे वर्षभर त्या जुलैचा जाब विचारला जातो.

समजा 10 कोटींचं एक हॉस्टेल आहे. ऑगस्टअखेर बेसलाईनप्रमाणे 4 कोटींचं काम हवं, झालंय 3 कोटी 20 लाखांचं. एसपीआय 0.80, लालभडक. मीटिंगमध्ये क्लायंटचा माणूस पेन आपटतो. पण राहिलेल्या 80 लाखांत 60 लाख कंपाउंड वॉल आणि आतल्या रस्त्यांचे आहेत, ते जानेवारीपर्यंत झाले तरी हस्तांतरणाची तारीख एक दिवसही हलत नाही. उरलेले 20 लाख ब्लॉकवर्कचे, त्यालाही तीन आठवड्यांचा फ्लोट (शेवटची तारीख न हलवता काम पुढे ढकलायची मोकळीक) आहे. हेच वेळापत्रक उशिरात उशिराच्या तारखा धरून मांडलं तर ऑगस्टअखेर फक्त 2 कोटी 90 लाखांचं काम अपेक्षित येतं. त्या हिशेबाने एसपीआय 1.10. साइट तीच, दिवस तोच, मोजमापही तेच. एका कागदावर शिव्या, दुसऱ्यावर शाबासकी.

म्हणून माझा आग्रह असतो की दोन्ही एस-कर्व्ह (वेळेनुसार साचत गेलेल्या कामाच्या रेघा) एकाच ग्राफवर काढा, लवकरच्या तारखांचा आणि उशिराच्या तारखांचाही. मधे जो केळ्यासारखा आकार होतो त्याला बनाना कर्व्हच म्हणतात. आपली रेघ त्या केळ्याच्या आत असेल तर निदान लाल रंग भरायची घाई करू नका.

पण आत किंवा त्याच्याही वर आहे म्हणून झोपही काढू नका. याच आकाराची दुसरी साइट घ्या. तिथे 4 कोटींच्या जागी 4 कोटी 20 लाखांचं काम झालंय, एसपीआय 1.05, सगळे खूश. जाऊन बघितलं तर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब 25 दिवस मागे. सेंटरिंगची माणसं सणाला गावी गेली ती परतलीच नाहीत. मग रुपये आले कुठून? तळमजल्याच्या टाइल्स लागल्या, खिडक्या बसल्या, अंडरग्राउंड टाकी उरकली. आरए बिलात (चालू कामाच्या हप्त्याच्या बिलात) भराभर पैसे देणारी कामं आधी ओढायची ही कंत्राटदारांची जुनीच खोड आहे, आणि त्यांनाही मजुरांचे पगार करायचे असतात, त्यामुळे फार दोष देता येत नाही. पण अर्न्ड व्हॅल्यूला रुपया तेवढा कळतो, तो कुठल्या कामाचा ते कळत नाही. दिवाळीच्या फराळात चिवडा, शेव, शंकरपाळे कुठल्याही क्रमाने करा, चालतं. अनारशाचे तांदूळ मात्र तीन दिवस आधी भिजलेच पाहिजेत. बाकी सगळे डबे भरले आणि तांदूळ अजून पिशवीतच असले, तर ‘85 टक्के फराळ तयार’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

एसपीआयची आणखी एक गंमत, जी वरच्या साहेबांना बऱ्याचदा माहीतच नसते. प्रकल्प वर्षभर उशिरा संपला तरी शेवटच्या दिवशी त्याचा एसपीआय 1.00 च असतो, कारण ठरलेलं सगळं काम कधी ना कधी पूर्ण होतंच आणि मग दोन्ही आकडे एकच होतात. साधारण शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात तो आपोआप सुधारायला लागतो आणि लोक म्हणतात, ‘बघा, रिकव्हरी झाली!’ वॉल्ट लिप्के या अमेरिकन गृहस्थांनी 2003 साली यावर साधा उपाय मांडला, अर्न्ड शेड्यूल. रुपयांत नका मोजू, महिन्यांत मोजा. आठ महिने झालेत आणि आज जेवढं काम झालंय तेवढं बेसलाईनप्रमाणे साडेसहा महिन्यांतच व्हायला हवं होतं, तर साडेसहा भागिले आठ, म्हणजे 0.81. हा आकडा शेवटी खोटं बोलत नाही. त्यांनीच पुढे पी-फॅक्टर आणला. झालेल्या कामातलं कितपत काम नेमकं त्या टप्प्यापर्यंत ठरलेल्यांपैकी आहे, याचं ते गुणोत्तर. वरच्या दुसऱ्या साइटवर एसपीआय 1.05 असताना पी-फॅक्टर खाली पडलेला दिसेल, कारण टाइल्सचे रुपये स्लॅबच्या खात्यात धरता येत नाहीत. कामं मागेपुढे करायची मोकळीक ज्यांना हवी त्यांनी हा एक आकडा सोबत द्यावा, इतकंच माझं मागणं आहे. क्रम बदला, पण बदललाय हे कागदावर दिसू दे.

आणि ‘झालं’ म्हणजे काय हे आधी ठरवा. मुकादमाला विचारलं की स्लॅब कायम ‘नव्वद टक्के झालाय साहेब’. मॅडम समोर असल्या तरी साहेबच. मी स्लॅबचे तीन तुकडे करते. शटरिंग लेव्हल तपासून झालं की 30, सळई बांधून चेकिंगची सही झाली की आणखी 40, काँक्रीट पडलं की उरलेले 30. मधलं काही नाही. अर्ध्या बांधलेल्या सळईला शून्य. भांडणं होतात, पण महिनाभरच. लहान कामांना तर सरळ शून्य नाहीतर शंभर.

आता फ्लॅटवाल्यांसाठी. रेरा कायद्यात बिल्डरने ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे असतात, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए यांनी प्रमाणित केलेल्या कामाच्या टक्केवारीनुसारच त्यातून काढायचे असतात. म्हणजे अर्न्ड व्हॅल्यूच, फक्त कायद्याच्या भाषेत. तरतूद चांगली आहे. पण आपल्याकडच्या नमुना करारात प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) जास्तीत जास्त 45 टक्के आणि सगळे स्लॅब झाले की जास्तीत जास्त 70 टक्के रक्कम घेता येते. लोक या 70 ला ‘घर 70 टक्के तयार’ समजतात आणि घरमालकाला फ्लॅट सोडायची नोटीस देतात. लिफ्ट, पाण्याचं कनेक्शन, फायरची एनओसी, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) या गोष्टी रुपयांत छोट्या आणि महिन्यांत मोठ्या असतात. बिल्डरला टक्केवारी विचारण्यापेक्षा ‘पुढचं कुठलं काम कशामुळे थांबलंय’ हे विचारा. उत्तर देताना चेहरा बघा.

आयटीवाले मित्र म्हणतील, आमच्याकडे तर दर दोन आठवड्यांनी बॅकलॉगच (बाकी कामांची यादी) उलटापालटा होतो. त्यांच्यासाठी 2006 पासून अ‍ॅजाइल ईव्हीएम (अर्न्ड व्हॅल्यूचीच आवृत्ती) आहे, स्टोरी पॉइंटवर, म्हणजे कामाच्या आकाराला दिलेल्या गुणांवर. तिथेही रोग तोच, सोप्या स्टोरीज उरकून आलेख चढवायचा आणि पेमेंट गेटवेचं इंटिग्रेशन शेवटच्या स्प्रिंटवर ढकलायचं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. साइटवाल्यांना उशिराच्या तारखा दाखवल्या की ते त्याच पकडून बसतात, सगळा फ्लोट पहिल्या तीन महिन्यांतच संपतो. खरं आहे, बसतात. म्हणून फ्लोट साइटच्या मर्जीवर सोडू नये. एखादं काम दोन आठवड्यांहून जास्त पुढे ढकलायचं असेल तर कारण लिहा, नवी तारीख द्या, प्लॅनिंगची सही घ्या. ‘पाऊस’ हे कारण चालेल. ‘बघू नंतर’ चालणार नाही. आणि फ्लोट किती उरला ते दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये एसपीआयच्या शेजारच्या रकान्यात टाका, त्याच मोठ्या अक्षरांत.