रिपोर्ट नॉर्मल, रुग्ण तिरका

काल कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या दवाखान्यात मी माझी खुर्ची चक्कर आलेल्या एका गृहस्थांना दिली. यात लिहिण्यासारखे काय, असे कोणी विचारील. परंतु खुर्ची देणारी मी गेले सोळा महिने उठता-बसता, मान वळवताना आणि नुसते भिंतीकडे पाहतानासुद्धा नावेत असल्यासारखी हेलकावते आहे.

तपासण्यांची कथा लवकर आटोपते, कारण सगळ्यांचा शेवट एकच आहे. रक्त नॉर्मल, मेंदूचा एमआरआय नॉर्मल. मान एका बाजूला वळवून मला झपकन उताणे पाडण्यात आले, डोके टेबलाच्या कडेखाली लोंबते ठेवण्यात आले आणि माझ्या बुबुळांवर टक लावण्यात आली. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी १९५२ पासून चालत आलेली आहे. कानातल्या कॅल्शियम कार्बोनेटच्या कणांनी आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत घुसखोरी केली असेल, तर बुबुळे नाचू लागतात. माझी ढिम्म राहिली. घरातली एक वस्तू जागेवर सापडत नाही, कानातले कण मात्र शिस्तीत बसलेले आहेत.

मग कानात पाणी सोडले, आधी ३० अंशांचे आणि नंतर ४४ अंशांचे. थंड पाण्याने बुबुळे एका दिशेने झटके देतात आणि गरम पाण्याने उलट दिशेने, हे रॉबर्ट बारानी यांनी हेरले आणि अंतर्कर्णावरील कामाबद्दल त्यांना १९१४ चे नोबेल मिळाले. ती बातमी पोहोचली तेव्हा ते रशियाच्या ताब्यात युद्धकैदी होते. लोकांना मुद्दाम चक्कर आणणाऱ्या माणसाला तुरुंग आणि बक्षीस एकदमच मिळावे, यात मला तरी काही गैर वाटले नाही. माझ्या दोन्ही कानांनी अगदी समसमान चक्कर आणली, म्हणून तोही अहवाल नॉर्मल ठरला. थोडक्यात, मला चक्कर उत्तम येते. ती का येते, एवढेच कळत नाही.

तर काल मी पुढचा अर्ज भरत बसले होते. मराठीत घेरी आहे, भोवळ आहे, झीट आहे, डोळ्यांपुढे येणारी अंधारी आहे. अर्जावर मात्र दोनच चौकोन होते, ‘खोली फिरते’ आणि ‘तोल जातो’. पायाखाली गादी अंथरल्यासारखे वाटते, त्याला चौकोन नव्हता. शेजारी पत्नीच्या श्रवणचाचणीसाठी सोबत आलेले एक काका बसले होते. त्यांनी आधी माझा अर्ज सावकाश वाचला आणि मग मला.

“आत्ता येतेय का चक्कर?”

“हो.”

“म्हणजे आत्ता, या क्षणी?”

“हो, काका.”

“पण तुम्ही तर सरळ बसला आहात!” हे त्यांनी अशा सुरात म्हटले की मला माझ्या पाठीच्या कण्याची लाज वाटली. मग त्यांनी माझ्या नाकासमोर दोन बोटे धरून किती ते विचारले, ती डावीकडून उजवीकडे फिरवली, माझी नजर त्यांच्यामागे गेलेली पाहून निराश झाले आणि समोरच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी निदान केले, “यांना काही झालेलं नाही. ताई, तुम्ही विचार फार करता. लक्षच देऊ नका, आपोआप जाईल.”

लक्ष न देता उभे राहून दाखवावे, असे मला म्हणायचे होते. तोल सांभाळण्याचे श्रम कोणाला दिसत नाहीत. मी एका बोटाने भिंतीला शिवत चालते, तर पाहुण्यांना वाटते, ही धूळ तपासते आहे. आजारी दिसण्यासाठी एकदा तरी धाडकन पडावे लागते आणि सोळा महिन्यांत तेवढे मला जमलेले नाही.

काकांना ते पाच मिनिटांत जमले. पत्नीचे नाव पुकारले गेले, ते ताडकन उठले, पांढरे पडले आणि त्यांनी माझा खांदा धरला. दोन अस्थिर माणसे एकमेकांच्या आधाराने डुलत असलेली पाहून सारा दवाखाना धावला, पण काकांकडे. माझ्या खुर्चीवर आणि त्यांच्या खुर्चीवर मिळून त्यांना आडवे केले गेले. परिचारिकेने रक्तदाब आधी पडल्या पडल्या आणि मग उभे करून मोजला. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा अधिक घसरला की उभे राहताच रक्तदाब पडतो, असे निदान होते. काकांचा २६ ने घसरला. नुकतीच वाढवलेली रक्तदाबाची गोळीही लगेच पकडली गेली. अशा रीतीने माझ्यासमोर, माझ्या खुर्चीवर, दहा मिनिटांत काकांना कारणासकट निदान मिळाले. मला हेवा वाटला, हे मी लपवणार नाही.

“ताई,” काका पडल्या पडल्या म्हणाले, “तुम्हीही एकदा उभ्यानं मोजून घ्या. असं अंगावर काढू नये.”

माझा उभ्याने सात वेळा मोजून झाला आहे. हे सांगण्यासाठी मी भिंतीवरचे बोट सोडून पुढे वाकले, तोच मागून परिचारिका म्हणाली, “मॅडम, जरा बाजूला उभ्या राहता का? पेशंटला वारा लागू द्या.”