पाणी कुठलं पिता?

आज फॅमिली ग्रुपवर कुणाच्या तरी घशातून जळू काढतानाचा व्हिडिओ आला. खाली हसऱ्या इमोजींची रांग. एका भावाने लिहिलं, 'गावठी लोक, पाणी बघून प्यायला काय होतं?' ग्रुप म्यूट केला, पण डोकं शांत होईना.

माझा मामा त्र्यंबकच्या पुढे राहतो. दोन वर्षांपूर्वी आवणी (भाताची लावणी) उरकली नि त्याच्या थुंकीत रक्त यायला लागलं. आवाज बसला. घशात काहीतरी वळवळतंय म्हणायचा. नाशकातल्या एका डॉक्टरने मान वर न करता अँटिबायोटिक लिहिलं. दुसऱ्याने थुंकी तपासली, एक्सरे काढला, टीबी नाही म्हणाला. (रक्त म्हटल्यावर आधी टीबीच बघणार, मान्य.) पण पुढे? 'वळवळतंय' ऐकून त्याने जंताची गोळी दिली आणि वर 'फार विचार करू नका'! अरे, जंताच्या गोळीने घशातली जळू सुटते होय?

शेवटी कान-नाक-घशाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, 'बाबा, पाणी कुठलं पिता?'

'शेतात असलो की झिऱ्याचं, पाझरून साचतं ते. ओंजळीनं.'

झालं. दुर्बीण घातली. स्वरयंत्राच्या जरा वर काळी, चकचकीत, हलणारी. पोटात जाणाऱ्या पाण्याबरोबर येते तेव्हा दोऱ्याएवढी, मग रक्त पिऊन फुगते. तिच्या लाळेने रक्त गोठत नाही, म्हणून ते थांबत नव्हतं. नुसती ओढायची नसते म्हणे, दोन्ही टोकांनी चिकटते, आणि निसटून श्वासनलिकेत गेली तर जिवावर बेततं. बधिर करायचा स्प्रे मारला, पकड ढिली झाली, मग चिमट्याने बाहेर. स्टीलच्या ट्रेमध्ये वेटोळी घालत होती. मामा तिच्याकडे बघत म्हणाला, 'म्हणजे मी खोटं नव्हतो बोलत.'

साठीचा माणूस. तीन आठवडे रक्त थुंकत होता, आणि त्याला काळजी ही.

बघून प्या म्हणे! दोऱ्याएवढी जळू गढूळ ओंजळीत दिसते का रे? आपल्याला गंगापूर धरणाचं पाणी नळाला येतं, आपलं काय जातं बोलायला. फडक्याने गाळलं असतं तर टळलं असतं, हो, खरंय. मीच त्याला दोन फडकी शिवून दिलीत.

आत्ता फोन केला त्याला. व्हिडिओचं काही बोलले नाही. फडकं नेतोस ना विचारलं, तर म्हणाला, 'नेतो गं. कधी राहतं घरी.' मग थांबून म्हणाला, 'त्या डॉक्टरांना नागली द्यायची राहिलीय. दिवाळीत येतो, तू चल बरोबर.'