कुलूप असलेला खण

100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिले. नाशिकच्या एका शाळेत शिकवणारी माझी धाकटी बहीण फोनवर सांगते की समुपदेशक हवेत की नकोत हा वाद आता मागे पडला असून खरे भांडण वहीवरून आहे. मूल समुपदेशकबाईंशी काय बोलले ते वहीत लिहिलेले असते आणि मूल आमचे असल्यामुळे ती वही पाहण्याचा हक्कही आमचा, असे पालकांचे म्हणणे आहे. तिच्या शाळेत सातवीतल्या एका मुलाची वही शिक्षकांच्या खोलीत वाचली गेली. त्यानंतर तो मुलगा त्या बाईंकडे पुन्हा गेला नाही.

मी राहतो त्या लंडनमध्ये, यूस्टन रोडवरील वेलकम कलेक्शनच्या ग्रंथालयात, मुलांच्या मनोविश्लेषणाच्या एक प्रवर्तक मेलनी क्लाइन यांचे कागद जपलेले आहेत. बहिणीच्या प्रश्नाचा विचार करताना मला सतत त्या आठवतात. व्हिएन्नात 1882 मध्ये जन्मलेल्या क्लाइन यांना डॉक्टर व्हायचे होते, पण 21व्या वर्षी लग्न झाले आणि ते राहून गेले. पुढे बुडापेस्टमध्ये फेरेंझी आणि बर्लिनमध्ये अब्राहम या मनोविश्लेषकांच्या सहवासात त्या मनोविश्लेषणाकडे, म्हणजे मनात दडलेले उलगडून उपचार करण्याच्या पद्धतीकडे, वळल्या आणि 1926 मध्ये ब्रिटिश मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्स यांच्या निमंत्रणावरून लंडनला आल्या. मोठी माणसे बोलून जे सांगतात ते लहान मूल खेळून सांगते, हे त्यांनी ओळखले, आणि लाकडाची छोटी माणसे, गाड्या, कागद, पेन्सिल, पाणी एवढ्या सामग्रीवर मुलांच्या मनोविश्लेषणाची एक पद्धत उभी केली. त्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अगदी साधी आहे. प्रत्येक मुलाची खेळणी त्याच्या स्वतःच्या खणात कुलूप लावून ठेवली जात, म्हणजे तो खेळ आपल्याला आणि बाईंनाच ठाऊक आहे, याची मुलाला खात्री असे.

त्यांचे सर्वांत तपशीलवार लेखन 1941 मधल्या एका उपचाराचे आहे. युद्धामुळे त्या स्कॉटलंडमधील पिटलॉक्री गावी राहत होत्या आणि तिथे गर्ल गाइड्स या मुलींच्या संघटनेच्या वापरातल्या एका खोलीत त्यांनी दहा वर्षांच्या मुलाला 93 वेळा भेटून उपचार केले. पुस्तकात त्याला रिचर्ड हे टोपणनाव दिले आहे. मुलगा रंगीत खडूंनी पाणबुड्या, तारामासे, साम्राज्यांचे नकाशे काढी. क्लाइन भेट संपल्यावर टिपणे लिहीत, कारण मुलासमोर लिहीत बसणे त्यांना योग्य वाटत नसे; त्यामुळे शब्द जसेच्या तसे उतरले आहेत असा दावा करता येत नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने नोंदवले आहे. हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, 1961 मध्ये प्रसिद्ध झाले.

तरीही क्लाइन यांना मी आदर्श म्हणणार नाही. त्यांच्या सुरुवातीच्या निबंधातला ‘फ्रिट्झ’ नावाचा मुलगा हा वस्तुतः त्यांचाच धाकटा मुलगा एरिक होता, हे पुढे उघड झाले. आईनेच मुलाचे मन तपासावे आणि त्यावर निबंध लिहावा, यात त्या मुलाला कुलूप लावता येईल असा खण कुठे उरला होता? थोरली मुलगी मेलिटा स्वतः मनोविश्लेषक झाली आणि ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेच्या सभांमध्ये आईच्या विरोधात उघडपणे बोलू लागली. तो दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही. त्यामागे काय काय होते ते बाहेरच्या माणसाने ठरवू नये. मला एवढेच दिसते की घरात आणि उपचारात अंतर असावे लागते, आणि ते किती असावे हे या शास्त्राच्या प्रवर्तकांनासुद्धा चुकतच उमगत गेले.

म्हणूनच पालकांना वही पाहू द्या, असे मला म्हणवत नाही. आपल्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण अल्पवयीनांच्या बाबतीत सहसा कायदेशीर पालकच नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्यांच्या वतीने बोलणारे, असतात, त्यामुळे मुलाच्या बाजूने बोलायला पालकांखेरीज सहसा कोणी उरत नाही. ब्रिटनमध्ये 1985 च्या एका निकालाने पुरेशी समज असलेल्या 16 वर्षांखालील मुलालाही स्वतःच्या उपचाराला संमती देता येते, आणि गंभीर धोका असल्याखेरीज त्याचे बोलणे घरी कळवायचे नाही, असा इथल्या समुपदेशकांचा प्रघात आहे. इथली व्यवस्था निर्दोष नाही. मुलांना पहिल्या भेटीसाठीच फार काळ ताटकळावे लागते. मात्र एकदा खोलीचे दार लागले की आतले बोलणे कोणाचे, याबद्दल संभ्रम राहत नाही.

नोंदी लिहूच नयेत, असे मला अजिबात म्हणायचे नाही. क्लाइन यांनी लिहून ठेवले नसते तर एका भेदरलेल्या मुलाने युद्धकाळात काय रेखाटले, हे आज कोणालाच कळले नसते. नोंद लिहावी, ती जपावी आणि जिच्याविषयी ती आहे ती व्यक्ती हयात असेल तोवर इतरांसाठी बंद ठेवावी.

बहिणीला मी खणांची गोष्ट सांगितली. त्यांच्या समुपदेशन कक्षात एकच लोखंडी कपाट असून त्याची किल्ली कार्यालयात खिळ्याला टांगलेली असते, असे ती म्हणाली. ती किल्ली समुपदेशकबाईंच्याच ताब्यात द्यावी, असा अर्ज ती येत्या सोमवारी मुख्याध्यापकांना देणार आहे.